स्टेक्स रेसमधले दावेदार कसे ओळखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या थरोब्रेड (रेससाठीच्या खास जातीचे घोडे) रेसेसबद्दल, खास करून डर्बी (म्हणजे केंटकी डर्बी, चर्चिल डाउन्स ट्रॅकवरची तीन वर्षांच्या घोड्यांची सगळ्यात मोठी रेस) आणि ब्रीडर्स कपच्या (वर्षाअखेरच्या मोठ्या रेसेसची मालिका) आसपास, मला तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवीन लोकांसाठी आहेत, ज्यांना बेसिक माहितीये त्यांनी सरळ पेसच्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल.

स्टेक्स रेस म्हणजे नेमकं काय, बाकीच्या रेसपेक्षा वेगळी कशी?

अमेरिकेत रेसेसची एक शिडी असते. अजून एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांची मेडन, मग क्लेमिंग म्हणजे ज्यात ठरलेल्या किमतीला समोरचा माणूस तुमचा घोडा विकत घेऊन जाऊ शकतो, त्याच्या वर अलाउन्स, ज्यात घोडा विकायला नसतो, आणि सगळ्यात वर स्टेक्स. नाव पडलं ते मालकांनी स्वतःचे पैसे लावून बक्षिसाचा फंड उभा करायच्या जुन्या पद्धतीवरून, आजही नॉमिनेशन आणि एंट्रीची फी भरावी लागतेच. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की इथे येणारा जवळपास प्रत्येक घोडा कुठेतरी कोणालातरी हरवून आलेला असतो. क्लेमिंगमध्ये तुम्ही कमी वाईट घोडा शोधता, स्टेक्समध्ये दहा चांगल्या घोड्यांतून आज कोणाचा दिवस आहे ते शोधता, आणि ही दोन वेगळी कामं आहेत.

ग्रेड १, ग्रेड २, ग्रेड ३ हे कोण ठरवतं? ग्रेड १ जिंकलेला घोडा आपोआप वरचढ का?

अमेरिकेत ग्रेड देणारी एक कमिटी आहे, ती दरवर्षी रेसेसचा आढावा घेते, मागच्या काही वर्षांत त्या रेसमध्ये किती दर्जाचे घोडे पळाले हे बघून ग्रेड वरखाली करते. युरोपात ह्यालाच ग्रुप १, २, ३ म्हणतात. ग्रेडच्या खाली लिस्टेड, आणि त्याखाली नुसत्या स्टेक्स.

आपोआप वरचढ अजिबात नाही. ग्रेड रेसला मिळतो, त्या दिवशीच्या फिल्डला, म्हणजे पळणाऱ्या घोड्यांना, नाही. वुड मेमोरियल ही न्यूयॉर्कमधली एवढी जुनी डर्बीआधीची रेस, ती २०१७ मध्ये ग्रेड १ वरून ग्रेड २ वर आली. पाच घोड्यांच्या फिक्या ग्रेड १ पेक्षा बारा घोड्यांची चुरशीची ग्रेड ३ कधीकधी खूप जास्त सांगून जाते, म्हणून ग्रेडचा आकडा वाचायचा आणि लगेच त्या दिवशी दुसरा तिसरा कोण आला आणि ते पुढे जाऊन काय पळाले ते बघायचं.

हँडिकॅपिंग म्हणजे अंदाज लावणं की वजन देणं? दोन्ही अर्थ ऐकलेत.

दोन्ही बरोबर आहेत. मूळ अर्थ वजनाचा, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं. हे काम रेसिंग सेक्रेटरी करतो आणि अशा रेसला हँडिकॅप म्हणतात. मग घोड्यांची तुलना करून कोण जिंकेल ते ठरवायलाही तोच शब्द चिकटला. खाली मी दुसऱ्या अर्थाने वापरलाय, वजनाचा प्रश्न पुढे वेगळा आहेच.

तक्ता हातात आला की पहिलं काय बघायचं? इतके आकडे बघून डोकं गरगरतं.

तक्ता म्हणजे रेसमधल्या प्रत्येक घोड्याच्या मागच्या रेसेसची छापील नोंद. पहिलं घोड्यांकडे बघूच नका, रेसच्या अटी वाचा. अंतर किती, डर्ट (माती) की टर्फ (गवत), वय किती, फक्त नरांसाठी की फक्त घोडींसाठी, किती पळणार. अमेरिकेत अंतर फर्लांगात मोजतात, आठ फर्लांग म्हणजे एक मैल, आणि एक फर्लांग साधारण २०० मीटर.

ह्या अटी डोक्यात ठेवून मग प्रत्येक घोड्याला एकच प्रश्न विचारायचा, की ह्याने नेमकं असलं काम, एवढ्या अंतरावर, ह्या जमिनीवर, ह्या दर्जाच्या घोड्यांसमोर आधी केलंय का, आणि नसेल केलं तर तो करू शकेल असं मानायला काही कारण आहे का. बहुतेक फिल्डमध्ये एवढ्यावरच तीनचार घोडे बाजूला पडतात. उरलेल्यांना मी दावेदार म्हणतो आणि खरा अभ्यास तिथून सुरू होतो. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी नाव आवडलं आणि मग कारणं शोधली असं केलंत तर कारणं नेहमीच सापडतात.

ज्याची स्पीड फिगर सगळ्यात मोठी त्यालाच धरलं तर काय बिघडलं?

स्पीड फिगर म्हणजे घोड्याने घेतलेला वेळ, त्यात त्या दिवशी ट्रॅक किती वेगवान किंवा मंद होता ते धरून काढलेला एक आकडा. अँड्र्यू बायर यांची बायर फिगर सगळ्यात प्रसिद्ध, १९९२ पासून डेली रेसिंग फॉर्मच्या तक्त्यात छापून येते. त्यात मोठा आकडा म्हणजे वेगवान, चांगल्या ग्रेड १ मध्ये शंभरच्या आसपास किंवा वर. रॅगोझिन आणि थोरोग्राफच्या शीट्समध्ये बरोबर उलटं, लहान आकडा चांगला, आणि त्यात बाहेरून पळताना गेलेलं जादा अंतर, वजन वगैरेपण धरलेलं असतं. नवीन लोकं दोन्ही एकत्र करून गोंधळ घालतात, तेवढं सांभाळा.

आता बिघडतं काय. एक म्हणजे हा आकडा सगळ्यांनाच दिसतो, त्यामुळे तो भावात आधीच धरला गेलेला असतो. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, तो आकडा कसा आला हे आकडा सांगत नाही. एखादा घोडा एकटाच आरामात पुढे पळाला, कोणी त्रास दिला नाही, आणि १०२ काढले. दुसरा दोन्ही वळणं चार घोड्यांच्या बाहेरून पळाला, मध्ये एकदा अडकला, आणि ९७ काढले. माझ्या मते दुसरा बरा, आणि बाहेरून पळण्याचा हिशोब लोकं फार कमी करतात. एक वळण एक घोडा जास्त बाहेरून घेतलं की ढोबळमानाने एक लेंग्थ (एका घोड्याची लांबी) गेली असं धरतात. २०२४ च्या डर्बीत मिस्टिक डॅन तीन नंबरच्या गेटमधून निघून जवळपास सगळी रेस आतल्या कठड्याला चिकटून पळाला, सिएरा लिओन बाहेरून आला, आणि शेवटी फरक किती, तर फक्त नाकाचा!

तिसरं म्हणजे एकच मोठा आकडा आणि बाकी सगळे लहान असतील तर तो मोठा आकडाच संशयास्पद धरा. घोडा एकदा जीव तोडून पळाला की पुढच्या वेळी उतरतो असं शीट्सवाले मानतात आणि त्याला बाउन्स म्हणतात, मला ते प्रत्येक वेळी पटत नाही, पण लहान सुट्टीनंतर परत पळणाऱ्या घोड्याच्या बाबतीत मी सावध असतो. तीन वर्षांच्या घोड्यांत मात्र वसंतात आकडा चढत चाललेला असेल तर ती खरी वाढ असू शकते, त्यांचं अंगच भरत असतं.

पेस पेस सगळे म्हणतात, ते इतकं महत्त्वाचं का आहे?

कारण डर्टवरची रेस बहुतेक वेळा सुरुवातीच्या वेगावर ठरते. पहिल्या पाव मैलाला आणि अर्ध्या मैलाला पुढच्या घोड्यांनी किती वेळ घेतला, त्यावर शेवटी कोणात दम उरणार हे ठरतं.

माझी पद्धत अशी, प्रत्येक घोड्यापुढे एक अक्षर लिहायचं, आघाडीवर राहणारा, आघाडीच्या लगेच मागे राहणारा, मधला, किंवा मागून येणारा. मग मोजायचं. आघाडीशिवाय पळूच न शकणारे तीनचार घोडे असतील तर ते एकमेकांना दमवणार आणि मागून येणाऱ्यांचं फावणार. २०२२ च्या डर्बीत पहिला पाव मैल २१.७८ सेकंदात गेला, डर्बीच्या इतिहासातला सगळ्यात वेगवान, आणि जिंकला कोण तर सुरुवातीला जवळपास सगळ्यांच्या मागे असलेला रिच स्ट्राईक. २००५ मध्ये पण असंच, पुढच्यांनी एकमेकांना संपवलं आणि ५० ला १ चा (भाव, म्हणजे १ लावला तर ५० नफा) जियाकोमो मागून येऊन जिंकला.

आणि उलटं, आघाडीवर पळणारा एकच घोडा असेल तर तो फिगरमध्ये थोडा कमी असला तरी त्याला खूप मान द्या. २००२ चा वॉर एम्ब्लम आठवतो का, २० ला १, आणि कोणीही पाठलाग न केल्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे राहून डर्बी घेऊन गेला. २००८ च्या बेलमाँटमध्ये सगळं जग बिग ब्राऊन ट्रिपल क्राउन (डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट, तिन्ही एकाच वर्षी जिंकणं) करतो का ते बघत होतं आणि ३८ ला १ चा दा तारा पुढे गेला तो पुढेच राहिला. असे घोडे तक्त्यावर आधीच दिसतात, फक्त त्या नजरेने बघावं लागतं.

एक सावधगिरी. कागदावर चार वेगवान घोडे दिसले म्हणजे पेस जोरात होणारच असं नाही, कारण जॉकी पण तोच तक्ता वाचतात. सगळ्यांना वाटतं पेस जोरात होणार, म्हणून सगळे लगाम खेचतात, आणि मग रेस रेंगाळते. म्हणून मी नुसते घोडे मोजत नाही, त्यातला कोणता घोडा मागे राहून पण नीट पळालाय ते शोधतो. ज्याला दोन्ही जमतं तो पेस कसाही झाला तरी रेसमध्ये असतो.

टर्फवर हे सगळं थोडं सैल होतं. तिथे सुरुवात बऱ्याचदा हळू असते आणि शेवटच्या दोन फर्लांगांत कोणाकडे जास्त वेग आहे त्यावर निकाल लागतो, त्यामुळे टर्फच्या स्टेक्समध्ये मी शेवटच्या टप्प्याची वेळ आधी बघतो.

अलाउन्स दहा लेंग्थने जिंकून पहिल्यांदा स्टेक्समध्ये येतोय. घ्यायचा का?

दहा लेंग्थ हा आकडा डोळ्यांना भुलवतो. आधी बघा मागे कोण होतं. मग बघा जिंकताना त्याला कोणी आव्हान दिलं होतं का. काही घोडे मोकळं रान मिळालं की राजे असतात आणि बरोबरीने दुसरा घोडा आला की कच खातात. हे खालच्या रेसमध्ये कळतच नाही कारण बरोबरीला यायला कोणी नसतंच.

मला ह्या जागी आवडणारा घोडा म्हणजे जो दोन लेंग्थने जिंकला, पण मध्ये घोड्यांच्या गर्दीत अडकून, तोंडावर माती खाऊन, फट मिळाल्यावर घुसून. स्टेक्समध्ये त्याला हेच करावं लागणार आहे.

ह्या अंतरावर आधी पळालाच नसेल तर अंतर झेपेल की नाही कसं ओळखायचं?

डर्बीचा हाच तर पेच आहे. डर्बी दहा फर्लांग, आणि त्याआधीच्या मोठ्या रेसेस, म्हणजे फ्लोरिडा डर्बी, सँटा अनिता डर्बी, अर्कान्सा डर्बी, ह्या नऊ फर्लांगाच्या, म्हणजे वीसच्या वीस घोडे नवीन अंतरावर.

तीन गोष्टी बघतो. नऊ फर्लांगाच्या शेवटच्या फर्लांगात घोडा कसा पळाला, बाकीच्यांपेक्षा पुढे सरकत होता की मागे पडत होता. जिंकला का हा प्रश्न नंतरचा. दुसरं, आईबाप आणि आईचा बाप कुठल्या अंतराचे होते. तिसरं स्वभाव, जो घोडा सुरुवातीला जॉकीशी भांडत तोंड ओढत पळतो त्याला रक्त कितीही लांब पल्ल्याचं असलं तरी अंतर पुरत नाही, तो ताकद आधीच खर्चून बसतो.

डोसेज इंडेक्सबद्दल पण विचारतात. वंशावळीवरून काढायचा आकडा, ४ च्या वर असेल तर डर्बी जिंकत नाही असा नियम एकेकाळी फार गाजला होता, मग १९९१ मध्ये स्ट्राईक द गोल्डने तो मोडला आणि नंतर बऱ्याच जणांनी मोडला. मी आता बघत नाही.

दोन वर्षांचा असताना न पळालेला घोडा डर्बी जिंकत नाही, १७ नंबरचा गेट जिंकत नाही, असले नियम कितपत पाळायचे?

कारण सापडलं तर पाळायचे, नाही सापडलं तर सोडून द्यायचे. १८८२ च्या अपोलोनंतर दोन वर्षांचा असताना न पळालेला कोणीच डर्बी जिंकला नव्हता, १३६ वर्षं गेली आणि मग २०१८ मध्ये जस्टिफायने नुसती डर्बी नाही तर ट्रिपल क्राउन घेतला, आणि २०२३ मध्ये मेजने परत तेच करून दाखवलं. ह्या नियमामागे पूर्वी कारण होतं, अनुभव आणि पाया कमी पडायचा. आता सगळेच ट्रेनर घोडे कमी पळवतात, त्यामुळे कारणच पातळ झालंय.

१७ नंबरच्या गेटमधून २०२५ पर्यंत कोणी जिंकलेलं नाही हे खरं, पण १८ मधून त्याच वर्षी सॉव्हरेंटी जिंकला आणि २० मधून बिग ब्राऊन २००८ मध्ये, म्हणजे १७ मध्ये खास काही वाईट आहे असं मानायला जागा नाही. एक नंबरचं मात्र वेगळं आहे. १९८६ च्या फर्डिनंडनंतर तिथून कोणी जिंकलेलं नाही, आणि ह्याला कारण आहे, एकोणीस घोडे बाहेरून आत दाबत येतात. २०२० पासून वीस घोड्यांसाठी एकसंध गेट वापरतात, त्यामुळे आतल्याला पूर्वीपेक्षा थोडी जास्त जागा मिळते, तरी एक नंबरवर सुरुवातीला वेग नसलेला घोडा असेल तर मी त्याला दोन पायऱ्या खाली आणतो.

लहान फिल्डमध्ये गेटचं इतकं टेन्शन घेऊ नका. फक्त सुरुवातीनंतर पहिलं वळण लगेच येत असेल तर बाहेरचे गेट खरंच महागात पडतात.

टर्फ किंवा सिंथेटिकवर (कृत्रिम पृष्ठभाग) पळणारा घोडा डर्टवर आला तर सरळ काढून टाकायचा ना?

सरळ नाही. २०११ चा अ‍ॅनिमल किंगडम डर्बीआधी डर्टवर एकदाही पळाला नव्हता, केंटकीतल्या टर्फवे पार्कच्या सिंथेटिकवर जिंकून आला आणि २० ला १ ला डर्बी घेऊन गेला. १९९३ च्या ब्रीडर्स कप क्लासिकला फ्रान्सहून आलेला आर्कांग डर्टवर पहिल्यांदाच पळत होता आणि १३३ ला १ ला जिंकला. टर्फवेवरूनच आलेला टू फिल्स २०२३ च्या डर्बीत दुसरा आला.

खरी अडचण तोंडावर उडणाऱ्या मातीची असते. टर्फवर ती जवळपास नसतेच, आणि बरेच घोडे पहिल्यांदा मातीचा मारा बसला की डोकं वर करून पळायचं सोडतात. त्यामुळे जमीन बदलणारा घोडा पुढे किंवा बाहेर राहणारा असेल तर जोखीम कमी, आत गर्दीत राहणारा असेल तर जास्त. सकाळची सरावाची वेळ पण बघा, त्या डर्टवर नीट सराव केलाय का ते कळतं. पण नुसत्या एका वेगवान सरावावर पैसे लावू नका, काही ट्रेनर सरावात घोडे सोडतात, काही मुद्दाम रोखतात.

शेवटच्या रेसमध्ये हरलेला घोडा दावेदार कसा असू शकतो?

स्टेक्समध्ये हे समजलं की निम्मं काम झालं. मोठ्या रेसच्या आधीची रेस बऱ्याच ट्रेनरसाठी तयारी असते, ध्येय नसतं. डर्बीला २०१३ पासून पॉइंट लागतात, ज्याच्याकडे पुरेसे पॉइंट आधीच आहेत त्याला शेवटची तयारीची रेस जिंकायची घाई नसते. २०२५ मध्ये सॉव्हरेंटी फ्लोरिडा डर्बीत दुसरा आला आणि लोकं जर्नलिझम नावाच्या घोड्याच्या मागे गेली. मग चर्चिल डाउन्सला चिखलात सॉव्हरेंटीने त्याला हरवलं. ट्रेनर बिल मॉट यांनी पुढे प्रीकनेस सोडून दिली, ती जर्नलिझम जिंकला, आणि ताजातवाना सॉव्हरेंटी परत येऊन बेलमाँट घेऊन गेला. ट्रेनर घोड्याला नक्की कुठल्या दिवसासाठी तयार करतोय हे त्या तारखांवरून वाचता येतं.

पण हरण्याचं कारण शोधताना प्रामाणिक राहा. पेस विरोधात गेला, बाहेरून पळाला, अडकला, चिखल आवडला नाही, ही खरी कारणं, आणि ती रेसचा व्हिडिओ बघितल्याशिवाय कळत नाहीत. तीनदा सलग कारण द्यावं लागत असेल तर मात्र तो घोडा तेवढाच आहे.

चार महिन्यांच्या सुट्टीनंतर थेट ग्रेड १ मध्ये. चालेल?

ट्रेनरवर अवलंबून. तक्त्यात त्या ट्रेनरचा सुट्टीनंतरचा जिंकण्याचा टक्का दिलेला असतो, इथे तो आकडा खरंच कामाचा आहे. त्यासोबत सरावात खंड पडलाय का ते बघा, दर आठवड्याला नियमित सराव असेल तर ठीक, मध्ये तीन आठवड्यांची पोकळी असेल तर काहीतरी झालं होतं असं समजा.

जॉकीला किती महत्त्व द्यायचं?

स्टेक्समध्ये सगळेच चांगले असतात त्यामुळे टक्क्यांचा फार उपयोग नाही. मी एकच बघतो, एकाच जॉकीकडे दोन घोडे पळवायचा पर्याय होता तेव्हा त्याने कोणता निवडला. दोघांच्या पाठीवर तो बसलेला असतो, त्यामुळे ती निवड आपल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त जवळून केलेली असते. कधीकधी जुन्या ट्रेनरशी असलेल्या संबंधामुळे पण निवडतात, तेवढं धरून चला.

वजनात तीनचार पौंडांचा फरक असेल तर तो मोजायचा का?

डर्बीत प्रश्नच नाही, घोड्यांना सगळ्यांना १२६ पौंड आणि घोड्यांविरुद्ध पळणाऱ्या घोडीला १२१. वयावरून वजन असलेल्या रेसमध्ये तीन वर्षांच्या घोड्याला मोठ्यांपेक्षा कमी वजन मिळतं, ती सवलत वर्ष सरत जाईल तशी कमी होते कारण तोपर्यंत तो वाढलेला असतो. खऱ्या हँडिकॅपमध्ये, आणि लांब अंतरावर, मी मोठा फरक मोजतो. स्प्रिंटमध्ये, म्हणजे कमी अंतराच्या रेसमध्ये, दोन पौंडांवरून घोडा बदलणं मला पटत नाही.

घोडी घोड्यांविरुद्ध उतरली तर?

तिथे कोणीतरी आधीच विचार केलेला आहे. फक्त घोडींसाठीच्या स्वतंत्र श्रीमंत रेसेस सोडून जर मालक तिला इकडे आणतोय तर विश्वास असणार. आत्तापर्यंत डर्बी फक्त तीन घोडींनी जिंकलीये, रिग्रेट १९१५, जेन्युईन रिस्क १९८० आणि विनिंग कलर्स १९८८, पण आता डर्बीत त्या फारशा उतरतच नाहीत हेही लक्षात घ्या. रॅचेल अलेक्झांड्राने २००९ ची प्रीकनेस आणि झेन्याट्टाने त्याच वर्षी ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. ते वर्ष आठवलं की मला अजून भरून येतं. वेगाची फिगर जुळत असेल तर घोडी म्हणून वेगळा नियम लावू नका.

तक्त्यातल्या लासिक्स आणि ब्लिंकर्सच्या खुणांचा अर्थ काय लावायचा?

लासिक्स हे फुफ्फुसातल्या रक्तस्रावासाठीचं औषध, लघवी वाढवतं त्यामुळे अंगातलं पाणी आणि वजनही उतरतं. बऱ्याच स्टेक्समध्ये आता रेसच्या दिवशी ते देता येत नाही, डर्बीत २०२१ पासून नाही. पेच असा की घोडा अलाउन्समध्ये लासिक्सवर मोठी फिगर काढून येतो आणि स्टेक्समध्ये त्याशिवाय पळतो. म्हणून त्याच्या लासिक्सशिवायच्या रेसेस वेगळ्या काढून बघा, त्यातही तेवढाच पळाला असेल तर निर्धास्त.

ब्लिंकर्स म्हणजे डोळ्यांच्या बाजूला झापड, लावली की घोडा साधारण सुरुवातीला जास्त वेग दाखवतो, काढली की जास्त शांत. ही खूण दिसली तर तुमचा पेसचा अंदाज परत एकदा मांडा.

पाऊस पडला तर सगळा अभ्यास वाया का?

वाया नाही, पण क्रम बदलतो. ओल्या डर्टवर आधी पळालेला घोडा वर येतो, आणि त्या दिवशीच्या आधीच्या रेसेस बघितल्या तर कठड्याजवळ पळणारे जिंकतायत की बाहेरून येणारे ते दिसतं. टर्फची रेस डर्टवर हलवली तर अर्धे घोडे काढून घेतात, आणि ती ग्रेडेड असेल तर ग्रेड एक पायरी खाली येतो, मग कमिटी परत विचार करते. अशा वेळी मी आधीचा कागद टाकून नव्याने सुरुवात करतो, कारण पेस पूर्ण बदललेला असतो.

माझा घोडा सापडला. मग लावायचेच ना पैसे?

इथे थांबा, कारण दावेदार निवडणं आणि पैसे लावणं हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि सगळ्यात जास्त नुकसान ते एकच समजण्यात होतं. अमेरिकेत भाव लोकांच्या पैशावरून ठरतो, सगळे पैसे एका कुंडात जातात, त्यातून साधारण १५ ते २५ टक्के ट्रॅक आणि सरकार आधीच कापून घेतात, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे सरासरी लावणारा हरणारच अशी रचना आहे.

म्हणून हिशोब. ३ ला १ चा घोडा चारातून एकदा तरी जिंकायला हवा तर बरोबरी, ८ ला १ चा नवातून एकदा. तुम्हाला वाटतं तुमचा घोडा पाचातून एकदा जिंकेल आणि भाव आहे २ ला १, तर तो सगळ्यात चांगला घोडा असला तरी तो डाव सोडून द्यायचा. फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा, साधारण तीनातून एकदा जिंकतो, पण म्हणून फेव्हरिटवर नियमित पैसे लावून कोणी पुढे जात नाही, कारण भावात ते आलेलं असतं.

सकाळी छापून येणारा भाव, मॉर्निंग लाइन, हा घोड्याच्या ताकदीचा अंदाज नसतो, लोकं किती पैसे लावतील त्याचा एका माणसाचा अंदाज असतो. तो बघून मत बनवू नका. आणि पैसे लावताना हरले तरी महिन्याच्या खर्चाला हात लागणार नाही तेवढेच काढा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि मनापासून सांगतो. गेलेले भरून काढायला पुढच्या रेसमध्ये दुप्पट लावावेसे वाटले की त्या दिवसापुरता कागद मिटायचा.

फेव्हरिटला कधी नाकारायचं?

कारण बोट ठेवून दाखवता आलं तरच. पेस त्याच्या विरोधात, नवीन अंतर आणि शंका, किंवा मोठा आकडा फार सोप्या रेसमध्ये आलेला. नुसता भाव कमी आहे म्हणून नाकारलं तर तुम्ही २०१३ ते २०१८ सलग सहा वर्षं डर्बीत हरला असता, त्या सहाही वर्षी फेव्हरिट जिंकले.

तक्त्यात १७ वा दिसतोय, पण लोकं म्हणतात तो पहिला आला होता. हे कसं?

अपात्र ठरवल्यामुळे. २०१९ च्या डर्बीत मॅक्झिमम सिक्युरिटी पहिला आला, पण वळणावर दुसऱ्यांच्या वाटेत आला म्हणून त्याला १७ व्या जागी ढकललं आणि ६५ ला १ चा कंट्री हाउस विजेता ठरला. हँडिकॅपिंग करताना घोडा पळाला कसा ते महत्त्वाचं, म्हणून अशा वेळी फिगर आणि व्हिडिओ बघा, जागेचा आकडा नाही. उलट बाजूने, वर सरकवून विजेता ठरलेल्या घोड्याला विजेत्याचा मान देऊ नका.

खरं सांगा, रिच स्ट्राईक कोणाला आधी सापडू शकला असता का?

विजेता म्हणून, नाही, आणि ज्याने लावले त्याचं मी कौतुक करेन पण त्याची पद्धत शिकणार नाही. ३०,००० डॉलरला क्लेम झालेला घोडा, सातपैकी एक रेस जिंकलेला, आदल्या दिवशी दुसरा घोडा निघाला म्हणून आत आलेला, ८० ला १.

पण तक्त्यात त्याच्याबद्दल काहीच नव्हतं असं म्हणणं चूक आहे. त्याची ती एकमेव जीत चर्चिल डाउन्सच्याच डर्टवर होती, १७ लेंग्थपेक्षा जास्त फरकाने. त्यानंतर तो बराच काळ सिंथेटिकवर पळत होता, त्यामुळे आकडे लहान दिसत होते, तरी टर्फवेच्या डर्बीआधीच्या रेसमध्ये तिसरा आला होता. तो मागून येणारा होता आणि पुढे वेगवान घोड्यांची गर्दी होती. मी त्या दिवशी पेस जोरात होणार असं लिहून ठेवलं होतं, मागून येणारे चार घोडे निवडले होते, आणि हा त्यात नव्हता, कारण बदली म्हणून आलेल्या घोड्याचं पान मी उघडलंच नाही. तेव्हापासून शेवटच्या क्षणी आत येणाऱ्या घोड्याचं पान मी सगळ्यात आधी वाचतो.